साबडेकाकांचा दीड तारा

मंडळी, जरा पुढे सरकून बसा. आज देवासमोर एक प्रश्न ठेवतो. आपण विश्वास कुणावर टाकतो हो? खरं बोलणाऱ्यावर, की आपल्याच मनातलं बोलणाऱ्यावर? थांबा, लगेच उत्तर नको! आख्यान ऐका, मग बोला.

जालन्यात भालचंद्र साबडे नावाचे गृहस्थ होते. वाचनालयातून निवृत्त झालेले. कुसुमकाकू जाऊन दोन वर्षं झालेली, मुलगी आसावरी पुण्याला. घरात माणूस एकटा आणि नाद एकच, सिनेमाचा! पण सरळ उठून बघायला जातील तर शपथ. आधी मोबाइलवर दोन वेबसाइट उघडायच्या. एकीवर समीक्षकांचे तारे, दुसरीवर पब्लिकचे. समीक्षक म्हणतात चार, पब्लिक म्हणतं दोन. आता ऐकावं कुणाचं? काका घोळ घालत बसायचे, तोवर सिनेमा थिएटरातून उतरायचा! — हसताय काय? तुम्हीही साधं पिठलं टाकायचं तर चार व्हिडिओ बघता.

काका शिस्तीचे. त्यांनी वेबसाइटींची परीक्षाच घ्यायची ठरवली. आपण पाहिलेले दहा सिनेमे काढले, त्यांना आपले तारे दिले आणि ताडून बघितलं. पहिली वेबसाइट सात ठिकाणी चुकली, दुसरी सहा ठिकाणी. चुकली म्हणजे काय हो? काकांशी जुळली नाही! इथेच फसले बघा. मग शोधता शोधता सापडली तिसरी. पांढरं पान, जाहिरात नाही, कुणाचं नाव नाही. आणि दहापैकी दहा जुळले! अर्धा ताराही इकडचा तिकडे नाही.

“ही खरी,” काका म्हणाले, आणि पहिल्या दोन त्यांनी कायमच्या बंद केल्या.

काही दिवस मजेत गेले. मग ताऱ्यांखाली एकेक ओळ येऊ लागली. “नायकाचा मामा पत्र वाचतो तिथे गळा दाटला.” काका थिएटरात गेले, पत्र आलं, गळा दाटला. पुढच्या सिनेमाखाली लिहिलेलं, “हसू आलं नाही.” सगळं थिएटर पोट धरून हसतंय, आणि काकांचे ओठ जागचे हलेनात! मुद्दाम हसून बघितलं. तोंडच उघडलं नाही.

त्यांनी शेजारच्या गोविलकरांना मोबाइल दाखवला. गोविलकरांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं.

“साबडे, हे पान कोरं आहे.”

आला ना अंगावर काटा? काकांच्या नाही आला. त्यांना तर अक्षरं लख्ख दिसत होती! गोविलकरांची नजर गेली म्हणाले आणि घरी आले.

अशात आसावरीचा फोन आला. “बाबा, माझा सिनेमा पूर्ण झाला. पहिला खेळ रविवारी दुपारी, आपल्या जालन्यातच. दोन वर्षं घातलीत मी यात. लोक काय म्हणतील ते म्हणोत. तुम्हाला काय वाटलं, तेवढंच मला हवंय. आधी कुठे काही वाचू नका हं.”

“नाही वाचणार,” काका म्हणाले, आणि अगदी मनापासून म्हणाले.

रविवारी जेवण झालं. इस्त्रीचा सदरा घातला. आणि हात खिशात गेला! अहो, सिनेमा अजून कुणी पाहिलेला नाही, तिथे काय लिहिलेलं असणार? नुसतं उघडून बघू, काका म्हणाले. उघडलं.

“दीड तारा. पंचावन्नाव्या मिनिटाला उठलो.”

थिएटरात काका बसले. पडद्यावर एक मुलगी गेलेल्या आईचं कपाट आवरत होती. पण काकांचं लक्ष मनगटावरच्या घड्याळात. पन्नास मिनिटं झाली. बावन्न. पोरीचं काम आहे, बसायचं, असं स्वतःला बजावून त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. आणि पंचावन्नाव्या मिनिटाला — मंडळी, बोटं आपोआप सुटली, गुडघे सरळ झाले! कुणी उठवलं हो? खांद्यावर कुणाचा हात नव्हता. माणूस आपल्याच पायांनी चालत बाहेर आला.

बाहेरच्या बाकावर ते बसून राहिले. खेळ सुटला. लोक गप्प गप्प बाहेर येत होते, कुणी डोळे पुसत होतं. काकांनी घाबरून मोबाइल काढला. दीड ताऱ्याखाली नवी ओळ आली होती. “शेवटी कुसुमचा आवाज आहे. तो ऐकला असता, तर पाच दिले असते.”

आजारपणात आईचं बोलणं आसावरीने गुपचूप रेकॉर्ड करून ठेवलं होतं. आजच्या खेळापर्यंत हे तिच्याशिवाय कुणालाही ठाऊक नव्हतं!

एवढ्यात ती समोर आली. “बाबा, कसा वाटला?”

“सुंदर. शेवटी कुसुमचा आवाज आला आणि भरून आलं बघ मला. पाच तारे.”

“मी तुमच्या मागच्याच रांगेत होते, बाबा. तुम्ही उठून गेलात तेव्हा आई अजून बोलली नव्हती.”

काकांचा चेहरा उतरला. “चुकलं माझं. मला आत्ता दाखव. हलणार नाही मी.”

“दाखवीन ना, हव्या तितक्या वेळा दाखवीन,” आसावरी म्हणाली. “फक्त कसा वाटला, ते मला सांगू नका.”

मंडळी, कीर्तन संपल्यावर त्या वेबसाइटचं नाव विचारायला माझ्याकडे येऊ नका. ते मला माहीत नाही. पण सून ताट वाढते, आणि घास तोंडात जायच्या आधीच आमटीत मीठ कमी पडलेलं असतं! पोरगा बोलायला तोंड उघडतो, आणि त्याचं चुकलेलंच असतं! हे कुठे वाचून येता तुम्ही? कोणत्या पानावर? शेजाऱ्याला ते पान दाखवून बघा एकदा. मलाही माझं पान दाखवायची भीती वाटते, खोटं कशाला बोलू? ती बघा, मागे कुणीतरी चप्पल शोधायला लागलं. बसा हो! बुवा, पेटीवर सूर धरा. हात जोडा, नाव घ्या, आणि शेवटचा गजर होईपर्यंत आज कुणी उठू नका.