ज्याचं नाव, त्याचं पत्र

(सप्टेंबर १९७४. डेट्रॉइट नदीचा धक्का. टपालबोट सुटायच्या बेतात आहे.)

सुआद : अहो, पण माझंच पत्र आहे ते! मीच लिहिलं, मीच तिकीट लावलं, परवा मीच पेटीत टाकलं.

झिगमुंट : आणि पेटीत टाकलंस तिथेच तुझा हक्क संपला. आता ज्याचं नाव वर आहे, त्याचं पत्र. काय नाव?

सुआद : मुकबिल अल-अन्सी. जहाज 'एल्डन प्राइस'. माझे वडील. वीस वर्षं डेकवर आहेत.

झिगमुंट : मुकबिल? तो बुटका येमेनी? बादली तोच सोडतो की खाली! तुझा बाप होय तो! मग तर मुळीच नाही मिळायचं. दर फेरीला वाकून विचारतो, "झिगी, माझं काही?" आणि दर फेरीला मी मान हलवतो. आज कित्येक वर्षांनी काहीतरी आहे त्याला.

सुआद : म्हणूनच द्या ना परत.

झिगमुंट : बाई, हे पोस्ट ऑफिस आहे. तरंगतं म्हणून पोरखेळ वाटला का? स्वतःचा पिनकोड आहे आम्हाला, चार-आठ-दोन-दोन-दोन. अख्ख्या देशात पाण्यावर चालणारं दुसरं पोस्ट दाखव मला. सव्वीस वर्षांत माझ्या पोत्यातला एक कागद इकडचा तिकडे झालेला नाही. तुझ्यापायी नोकरी घालवू?

सुआद : जहाज कुठवर आलंय? तो समोरचा काळा ठिपका?

झिगमुंट : समोर कॅनडा आहे. आणि तोही आपल्या दक्षिणेला, बाहेरगावचे लोक नकाशा उलटसुलट करून बघतात. उजवीकडे बघ. झग बेटावरच्या कारखान्यांच्या धुरातून नाक काढलंय. दहा मिनिटं धर. ते थांबत नाही, आम्हीच जाऊन चिकटतो. बादली खाली, टपाल आत, बादली वर. विषय संपला.

सुआद : त्यात लिहिलंय, लग्नाला येऊ नका.

झिगमुंट : कोणाच्या?

सुआद : माझ्या. रविवारी आहे. आमच्यात मुलीचा हात बाप देतो. मी लिहिलं, तुमच्या जागी काका बसेल. आईला माती द्यायला तुम्ही नव्हतात, आता मला द्यायलाही नको.

झिगमुंट : अरे देवा.

सुआद : चार वर्षं झाली. आई गेली तेव्हा बाबा तिकडे सुपिरियर सरोवरात, जहाजावर. आमच्यात थांबत नाहीत, त्याच दिवशी पुरतात. हे पाचव्या दिवशी आले आणि दारातच मला विचारलं, जेवलीस का? त्यानंतर मी एक ओळ लिहिली नाही त्यांना.

झिगमुंट : त्याला काय पंख होते उडत यायला?

सुआद : मला कळत नाही का ते? रागाला कळत नव्हतं.

झिगमुंट : मग आज कुठे गेला राग?

सुआद : सकाळी काकाने सगळं सांगितलं. बाबांचा टोलेडो बंदरातून फोन आला होता त्याला. कप्तानाने सुटी दिली नाही, तर सरळ नोकरी सोडली त्यांनी. उद्या वर सूच्या लॉकवर, जहाजं पाणी चढायला थांबतात तिथे, उतरणार आणि बसने घरी येणार. नवा सूट घेतलाय. सुआदला सांगू नकोस म्हणाले, अचानक जातो म्हणाले.

झिगमुंट : आणि आज तुझं पत्र पोचणार.

सुआद : ते कळलं की उतरायचेच नाहीत. 'बरं' म्हणतील आणि पुन्हा दोर ओढायला लागतील. ओळखते मी त्यांना.

झिगमुंट : दुसरं लिही. हा घे कागद.

सुआद : पहिलं वाचल्यावर दुसऱ्याला कोण विचारतं?

झिगमुंट : हं. एक रस्ता आहे. ज्याचं नाव, त्याला 'नको' म्हणता येतं. न फोडता परत केलं, की मी शिक्का मारून तुझ्या हातात देतो. कायद्यात बसतं. पण ते त्याने म्हणायला हवं, तू नाही.

सुआद : मग मला न्या बोटीतून.

झिगमुंट : पोहता येतं?

सुआद : नाही.

झिगमुंट : छान. हे जाकीट चढव, आणि कठडा सोडलास तर याद राख. ओरडायची तयारी ठेव, इंजिनापुढे काही ऐकू येत नाही. दोन मिनिटं मिळतील, फार तर.

सुआद : या अल्लाह, केवढं हे जहाज! अंगावरच येतंय.

झिगमुंट : वर बघ, पाण्याकडे बघू नकोस. आली बादली. ए मुकबिल! पाहुणी आणलीय!

मुकबिल : सुआद? तू इथे? काय झालं? कोण गेलं?

सुआद : कोणी नाही गेलं, बाबा! सगळे बरे आहेत! तुम्हाला पत्र आहे, ते घेऊ नका!

मुकबिल : काय?

सुआद : निळं पाकीट! नको म्हणा! झिगमुंट, टाकलंत तुम्ही बादलीत?

झिगमुंट : टाकलं. ते माझं काम. पुढचं तुझं.

मुकबिल : हे तुझं अक्षर आहे. तू लिहिलंस? मला?

सुआद : फोडू नका! परत टाका खाली!

मुकबिल : का? काय आहे यात?

झिगमुंट : सांग, पोरी. मिनिटभर राहिलंय.

सुआद : वाईट आहे, बाबा!

मुकबिल : किती वाईट?

सुआद : येऊ नका लिहिलंय! लग्नाला येऊ नका, काका बसेल!

झिगमुंट : अगं, सगळ्या डेकने ऐकलं.

सुआद : ऐकू दे! बाबा, रागात लिहिलं मी. तिथे मला दुसरं कोणी नको. तुम्हीच हवे!

झिगमुंट : मुकबिल, लवकर बोल! ठेवतोस का परत देतोस?

मुकबिल : परत नाही देत, झिगी.

सुआद : बाबा!

मुकबिल : चार वर्षांनी माझं काहीतरी आलंय. 'नको' कसं म्हणू? फोडत नाही. खिशात राहू दे. आत काय आहे ते सांगितलंस की. त्याच्या पुढचंही सांगितलंस. दोन्ही ऐकलं.

झिगमुंट : बोट सुटली जहाजापासून! कठडा धर!

मुकबिल : सुआद! रविवारी किती वाजता?

सुआद : चार वाजता!

मुकबिल : ऐकू नाही आलं!

सुआद : चार! दुपारी चार!

मुकबिल : मी सकाळीच येऊन बसतो!