नेऱ्याचा विस्तव कुणी विझवला

सन्माननीय अध्यक्षमहाराज, व्यासपीठावरचे पाहुणे, आज सेवानिवृत्त होणारे काशिरामभाऊ, पुढच्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी भीमाबाई, आणि पनवेलकर बंधुभगिनींनो,

चार गोड शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं. ते लिहूनही आणले होते. पण आताच वाचलेल्या मानपत्रात 'एक दुर्दैवी हलगर्जी वगळता निष्कलंक सेवा' असं वाक्य आलं आणि आपण टाळ्या वाजवल्या. भीमाबाईंनी वाजवल्या नाहीत. म्हणून कागद खिशातच ठेवतो.

एकावन्न सालचा माघ महिना किती जणांना आठवतो? नेऱ्याला दवाखाना सुरू व्हायचा होता. मुंबईचे एक डॉक्टर आठवड्यातून दोनदा स्वतःच्या छोट्या विमानाने येणार होते. कापणी झालेल्या खाचरांचे बांध फोडून आपण त्यांना उतरायला पट्टी करून दिली. डोंगराच्या बाजूचा शेवटचा बांध तेवढा राहिला. डॉक्टरांचं मागणं एकच. ओल्या पेंढ्याचा धूर करा, म्हणजे वारा कुठून आहे ते मला वरून दिसेल. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं. वारा पाठीशी असला तर ते लवकर थांबत नाही. धुराचं काम आमच्या कार्यालयाचे शिपाई काशिराम यांच्याकडे होतं. स्वागत माझ्याकडे, कारण मी हेडक्लार्क!

वेळ नऊची ठरली होती. पाहुण्यांची मोटार उशिरा येणार, म्हणून मीच डॉक्टरांना अकराला बोलावलं. तोवर सकाळचा डोंगराकडचा वारा पडला आणि खाडीकडचा सुटला. धूर थेट मंडपात. पाहुणे नाकाला रुमाल लावून खोकायला लागले. माझ्या स्वागताची शोभा झाली. मी काशिरामला म्हटलं, "विझव ते आधी."

"साहेब, इजवू नका. त्यो धूर डाक्टरसाठी हाय, आपल्यासाठी नाय."

चारचौघांत शिपायाने उलट बोलावं? मी पिण्याच्या पाण्याचा हंडा उचलला आणि माझ्या हाताने विस्तवावर ओतला.

दहा मिनिटांत विमान आलं. त्याने दोन घिरट्या घातल्या. काशिराम भिजल्या पेंढ्यावर फुंकर घालत होते. शेवटी डोक्याचं मुंडासं सोडून त्यांनी ते पेटवलं. उशीर झाला होता. डॉक्टर सकाळचाच वारा धरून खाडीकडून आले. चाकं टेकली ती अर्ध्या पट्टीवर, आणि विमान बांधावर आदळून उलटं झालं. बाहेर काढलं तेव्हा डॉक्टर शुद्धीवर होते. पनवेलला नेताना वाटेतच त्यांनी प्राण सोडला. दवाखाना उघडलाच नाही.

चौकशीत अधिकाऱ्यांनी विचारलं, "विस्तव कुणाच्या ताब्यात होता?" मी म्हणालो, "काशिरामच्या." एक अक्षरही खोटं नव्हतं, म्हणून तर ते खपलं. मग त्यांनी काशिरामला विचारलं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "इजला, साहेब." मंडपातल्या किती जणांनी मला हंडा ओतताना पाहिलं होतं! त्यातले काही आजही या सभागृहात आहेत. कुणीच बोललं नाही. शिपाई तो, त्याचं काय बिघडणार होतं?

सांगतो काय बिघडलं. त्याच पावसाळ्यात नेऱ्यालाच त्यांची मुलगी वेणू बाळंतपणात अडली. गाडी पनवेलला पोचेपर्यंत ती राहिली नाही. गाव म्हणालं, बापानेच विस्तव विझू दिला, बापानेच भोगलं. अकरा वर्षं या दोघांनी ते ऐकून घेतलं. मी त्या अकरा वर्षांत बढती घेतली, पेन्शनीत निघालो, आणि यांना अरे-तुरे करत राहिलो.

अध्यक्षमहाराज, मानपत्रातलं ते वाक्य इथेच, सर्वांसमोर खोडावं, ही माझी विनंती. वाटल्यास तिथे माझं नाव घाला.

आपण मला बोलू दिलंत, त्याबद्दल संयोजकांचा ऋणी आहे. बोलण्यात अधिक-उणं झालं असेल तर सभेने पोटात घालावं. भीमाबाई, तुमच्याकडे मात्र मी ते मागत नाही. तुम्ही मला माफ केलंत, तर वेणूला मी काय तोंड दाखवू?