आईचा शेवटचा सीन

डोळ्यांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी बसलेल्या बाईंना आणि त्यांच्यासमोर फेऱ्या मारणाऱ्या तरुणाला मी लगेच ओळखलं. टीव्हीवरच्या एका मालिकेत त्या त्याच्या आईचं काम करायच्या. आता तोच त्या मालिकेचा दिग्दर्शक झाला होता.

“अरे, किती येरझाऱ्या घालशील? बस.”

“बसलो, ताई.”

“मालिकेत मला कधी मारतोयस?”

“कोण म्हणालं?”

“मेकअपवाली रडत होती.”

“सोमवारी. चॅनेल ऐकतच नाही. मी खूप भांडलो.”

“भांडला असशील. सीन तूच घेणार ना?”

“मला नाही जमणार. सहायकाला सांगतो.”

“शूटिंगच्या पहिल्या दिवशी तू घाबरला होतास, तेव्हा हात कुणी धरला होता?”

“तुम्ही.”

“मग तू समोर हवास. आणि एक कर.”

“बोला ना.”

“मी डोळे मिटले की ‘कट’ म्हणायची घाई करू नकोस.”