सुगंधाचा पेपर

तुम्ही हसाल, पण त्या सकाळी मी सारखा फाटकाकडे बघत होतो. मी शिकवतो त्या सरकारी कॉलेजात साडेदहाला पेपर, आणि दहा वाजले तरी माझ्या वर्गातल्या सुगंधाचा पत्ता नाही. दिवाळी झाली की तिच्यासारखी कातकरी आदिवासी कुटुंबं वीटभट्टीवर कामाला जातात. हिलाही आईबापांनी नेलं असणार, म्हणजे पोरीचं वर्ष गेलं. मी कुणाला न सांगता बाइक काढली आणि आपटा गावाजवळची, तिच्या घरचे जातात ती भट्टी गाठली.

तिची आई विटा थापत होती. "सुगंधा कुठंय?"

"ती नाय आली. पेपर हाय म्हनून वाडीवरच राहिली. तुमी हितं कशाला आलात?"

परत येईपर्यंत अकरा वाजले. सगळा वर्ग व्हरांड्यात उभा, सर्वांत पुढे सुगंधा.

"सर, किती शोधला तुमाला. पेपरांच्या कपाटाची किल्ली तुमच्याच खिशात हाय ना?"