पळसाला देवी आल्या

(बोईसरजवळ आत्मारामशेटची केळीची वाडी. मासवणच्या डोंगरावरून झिपरू आणि त्याची बायको नवसी चालत आलीयत.)

झिपरू : बसा तर खरं, शेट! अशी गोष्ट सांगतो, झाडांना पाणी लावायचं विसराल.

आत्माराम : गोष्ट राहू दे. तुझ्या चिमीचं लगीन कधी?

झिपरू : तीच तर गोष्ट हाय! लगीन परवा, आन् आमच्या पळसाला देवी आल्या.

आत्माराम : देवी? माणसाला येतात त्या?

नवसी : त्याच. पानापानावर बारीक तांबूस ठिपके. पुसून जात नाय. कीड नाय, भोक नाय. सगळा डोंगर फुटलाय.

आत्माराम : अगं, धूर तो! तारापूरचं काम निघालं नि लॉऱ्याच लॉऱ्या. ऊन तापून वारा पडला, की माझासुद्धा घसा खवखवतो.

झिपरू : आमीबी तेच बोललो. पण रस्त्यावरचा पळस नुसता धुळीनं माखलेला, अंगानं ठणठणीत. ठिपके वर डोंगरात, जिथं लॉरी चढत नाय! मग भगत बोलला, देवीच ही.

नवसी : देवी आली म्हंजे फोडणी बंद. एका झाडापायी आख्खा पाडा आळणी जेवतोय!

झिपरू : देवी टोचणारा डॉक्टर आलेला. ही त्याला बोलते, झाडाला टोच.

नवसी : काय चुकलं मग? तर तो मेला इचारतो, दंड कुठला धरू?

आत्माराम : हा हा! फांदी पुढं करायचीस की!

झिपरू : हसा, शेट. भगत बोलला, लगीन खुशाल करा, पण देवी उतरंपर्यंत पळसाचं पान कुठलंच तोडायचं नाय. पान नाय तर पत्रावळ नाय. उमरोळीची वरात येणार, वाढू कशावर? डोक्यावर?

नवसी : व्याही बोलतो, पंगत नाय तर लगीन दिवाळीनंतर. तवर पोराला दुसरी कुणी दाखवली म्हंजे? पोरगी रडून सुजलीय माझी.

आत्माराम : एवढंच ना? केळीची पानं ने. तो बघ भारा, कापलेलाच आहे.

नवसी : लई उपकार झाले, शेट... अगं बया! ह्यावर काय?

आत्माराम : ठिपके. मीपण बघतोय हल्ली.

झिपरू : नवसे, लुगड्याचा पदर टाक त्याच्यावर! शेट, आता एक ऐका. परवा जेवायला तुमी या. भगताच्या शेजारी बसा. त्याच्या पानावर भात पडंपर्यंत त्याला जरा बोलण्यात गुंतवून ठेवा.