बसून पाहिलेली खुर्ची

नाही नाही, उभं राहून बोलू नका जावईबापू, मान वर करून बोलायचं म्हणजे माझी मान धरते — बसा. स्टूल? स्टुलं दोन्ही आत आहेत, आत लागली होती. दुकानात बसायला आज एकच जागा आहे आणि ती तुमच्या समोर आहे. तुमच्याच माणसांनी सकाळी टेम्पोतून आणून दारात आदळली. खुर्चीच्या एका हाताला खरचटलं, ते मी घासून घेतलं. आता पॉलिशही सुकलंय, कपड्यांना काही लागायचं नाही. बसा की. — नको? बरं, नको तर नको. रंधा चालू ठेवतो, चालेल ना? हात रिकामे राहिले की मला बोलायला सुचत नाही.

तुम्ही म्हणालात ते मी नीट ऐकलं. पुन्हा म्हणून दाखवतो, कुठे चुकलं तर टोका. आज संध्याकाळी साहेबांची सभा आहे, तिथे मी यायचं. स्टेजवर चढून, हात जोडून, सगळ्यांसमोर म्हणायचं की साहेबांसाठी केलेल्या खुर्चीवर साहेबांच्या आधी मी बसलो, माझ्या हातून अपराध घडला. त्याआधी ही खुर्ची तुमच्या देखत तोडायची. आणि मग नवी करायची — जिच्यावर कुणी म्हणजे कुणीच बसलेलं नाही अशी. हे नाही केलं तर उद्या दुकानाला कुलूप, कारण जागा नगरपालिकेची आणि नगरपालिका साहेबांची. आणि तुमची साहेबांच्या ऑफिसातली नोकरी जाईल ती वेगळीच. एवढंच ना? मग आता माझंही ऐका. घाई नका करू. तुम्हाला ठाऊक आहे, मी सावकाश बोलतो, सासूबाई तुमच्या त्यावरून मला शेवटपर्यंत बोलायच्या.

आमच्या घरात खुर्ची तयार झाली की तिच्यावर पहिला बसतो तो करणारा. माझे वडील बसायचे, त्यांचे वडील बसायचे. आणि नुसतं टेकायचं नाही — दिवसभर बसायचं. तिच्यावर बसून जेवायचं, डुलकी काढायची, वाकून चपला घालायच्या, पाठीमागे रेलून आळस द्यायचा. लाकूड असतं ना, ते माणसाचं वजन अंगावर आल्याशिवाय बोलत नाही. सांधा सैल असला, पाचर नीट बसली नसली, तर तेव्हाच कळतं. मोडायची असेल तर माझ्याखाली मोडू दे, पडायचं असेल तर मी पडतो — म्हणजे तुम्ही पडत नाही. यात अपमान कुठे आला, सांगा मला? अहो, मी माझं कंबरडं पुढे केलं त्यांच्यासाठी. दुसरा कोण करतो एवढं? शाळेच्या बाईंची खुर्ची, डॉक्टरांची, कोर्टातल्या मोठ्या साहेबांची — सगळ्यांवर आधी मी बसलोय. डॉक्टर तर विचारायचे, झोप लागली का हो तुम्हाला तिच्यावर? लागली म्हटलं की खूश व्हायचे.

साहेबांचा मला राग नाही, हे आधी सांगतो. निवडणुकीत मीही त्यांच्याच नावापुढे शिक्का मारला होता. गटारं केली त्यांनी, दिवे लावले, खोटं कशाला बोलू. आणि माप घ्यायला तुम्ही मला त्यांच्या ऑफिसात नेलंत तेव्हा तर मला त्यांची दयाच आली. — तोंड का असं करता? दया म्हटलं, शिवी नाही दिली. तुम्हीही होतात की तिथे, कपाटाला टेकून. नाही, टेकून कुठले, टेकायचीही हिंमत नव्हती कुणाची, सगळे आपले ताठ उभे. साहेब जुन्या खुर्चीत बसलेले आणि जरा हलले की खुर्ची करकरायची. अशी तशी नाही — दार उघडल्यासारखी. मी सहज म्हटलं, साहेब, ही करकरते. झालं. खोलीतला वारा बंद झाला. साहेबांनी सगळ्यांकडे पाहिलं आणि विचारलं, करकरते? आणि तुम्ही सगळे म्हणालात, नाही साहेब. त्यांनी मुद्दाम पाठ मागे टाकली — करकर. नाही साहेब. पुन्हा पुढे झाले — करकर. नाही साहेब. अहो, त्या माणसाचा चेहरा मी पाहिला. कैक वर्षं त्या खुर्चीत बसतोय, स्वतःच्या कानांनी ऐकतोय आणि एक माणूस हो म्हणायला नाही. माणसाला वेड लागेल अशानं. मला वाटलं, आता हा यांना झापणार. पण नाही. त्यांनी मान हलवली, जणू तुमचंच खरं. आणि मग माझ्याकडे असं बघितलं — की करकर मीच करतोय.

मग पाठ सरळ हवी की कलती, ते विचारलं त्यांनी. तुमच्यातला तो जाड मिशीवाला म्हणाला, सरळ, साहेब, सरळच शोभेल. साहेब म्हणाले, कलती बरी. तर हा म्हणतो कसा — मी तेच म्हणत होतो, सरळ म्हणजे जरा कलती. मला हसू फुटलं, मी खोकला काढला. पुढे उंचीचं निघालं. खोलीतल्या सगळ्या खुर्च्यांपेक्षा वीतभर उंच हवी म्हणाले. मी म्हटलं, करतो, पण मग तुमचे पाय जमिनीला पोचायचे नाहीत, लोंबकळतील. वाईट हेतूनं नाही म्हटलं, माप समोर होतं. पाय लोंबकळले की मांड्या भरून येतात, माणूस चिडचिडा होतो. तुम्ही मागून माझा सदरा ओढलात, आठवतं? शिवण उसवली. शेवटी मीच तोड काढली, खाली पाट लावून देतो म्हटलं. हा बघा, लावलाय. आतल्या बाजूनं, टेबलामागे दिसणार नाही असा. त्यांची लाज मी झाकली हो, मी. आणि अपमान केला म्हणून स्टेजवर उभं मलाच करताय.

बरं, एक विचारू? साहेब स्वतः काय म्हणाले? मी तिच्यावर बसलो होतो हे कळल्यावर — त्यांच्या तोंडचं सांगा. — आठवा, आठवा. — काहीच नाही ना म्हणाले? तेच तर. त्यांनी नुसत्या भुवया वर केल्या असतील आणि इकडे तुमची धावपळ सुरू. एक म्हणाला माफी मागायला लावा, दुसरा त्याच्या वरताण, खुर्ची तोडा, तिसरा म्हणाला कुलूप ठोका. मागे कुणी पडायचं नाही. साहेबांना नुसतं बसून बघायचं, कोण किती लांब धावतो. आता त्यांना थांबवावंसं वाटलं तरी थांबवता यायचं नाही, थांबा म्हटलं तर तुम्हीच म्हणाल, साहेब बघा, साहेबांचं मन किती मोठं, आणि कुलूप ठोकायला निघाल.

आणि त्यांना कळलं कसं, हे मी विचारणारच नव्हतो. ठरवलं होतं. मी या खुर्चीवर बसलो तेव्हा दुकानात कोण होतं? मी होतो. आणि हातात चहाचा कप घेऊन तुम्ही होतात. हसलात तुम्ही. म्हणालात, मामा, शोभताय हो, आता तुम्हीच हुकूम सोडा. मी म्हटलं, हुकूम असा की जावयाने आणखी एक कप घ्यावा. चांगलं हसलो आपण त्या दिवशी, कितीतरी दिवसांनी हसलो. — नाही, तुम्ही चुगली केलीत असं नाही म्हणत मी. खाली नका बघू. गंमत म्हणून सांगितलं असणार ऑफिसात, आमचे मामा असे आहेत बघा. आणि ऐकणाऱ्यांतला एक जण हसला नाही. मग दुसऱ्याचं हसू पडलं. आणि मग सगळ्यात मोठ्यानं, हे सहन करणार नाही असं जे ओरडलं, ते तुम्हीच. कळतं मला. भ्यालेला माणूस फार मोठ्यानं ओरडतो. तुमचा राग येत नाही मला, खरंच. वाईट वाटतं ते निराळं.

वाईट कशाचं वाटतं सांगू? तुम्ही लग्नाचं बोलायला आलात पहिल्यांदा, तुमचे काका, आत्या, सगळं बिऱ्हाड घेऊन. सुताराचं घर आणि बसायला खुर्च्या कमी पडल्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि तुम्ही काय केलंत — ते नवे कपडे घालून तिथे, त्या कोपऱ्यात, भुशात फतकल मारून बसलात. म्हणालात, मामा, हे मऊ आहे. मी त्याच वेळी माझ्या पोरीच्या आईला आत जाऊन सांगितलं, बाकी काही विचारू नकोस, पोरगा हाच. तो पोरगा आणि आता घरात खिडकीजवळची खुर्ची ज्याची एकट्याची, तो आल्याशिवाय ताटावर कुणी बसायचं नाही, तो उठल्याशिवाय कुणी उठायचं नाही — तो पोरगा एकच का हो? ऑफिसात दिवसभर उभे राहता, मान्य. पण म्हणून घरी आल्यावर दुसऱ्या कुणाला तरी उभं करायचं? परवा ती माझी चिमणी इथे दारात आली, स्टूल रिकामं होतं, आणि उभीच. मी म्हटलं, बस की गं. तर माझ्याकडे बघून विचारते, आजोबा, याच्यावर बसलं तर चालतं का? — माझ्या स्टुलाची परवानगी मागितली तिनं. या घरात. लाकूड कापताना बोट कापलं तर मी हूं करत नाही जावईबापू, पण त्या रात्री —

काय? मावशीकडे — हो, हो, मावशीकडेच गेल्यात त्या मायलेकी, मी तुम्हाला म्हटलं होतं तसं. म्हणजे परवा जाताना इथून — जाऊ द्या. मला खोटं बोलता येत नाही आणि आज शिकायची इच्छाही नाही. निसटलं तोंडातून. आत आहेत. तुमची बायको आणि तुमची मुलगी. स्टुलं त्यासाठीच लागली. तिनं बजावलं होतं सांगू नका म्हणून, आणि भिंतीपलीकडून तिनं सगळं ऐकलंही असणार, ही भिंत म्हणजे फळीच आहे. आत जाऊ नका. नको म्हणतोय ना मी. आवाज चढवत नाही, पण दारात मी उभा आहे.

आता माझं शेवटचं ऐका आणि जसंच्या तसं साहेबांपर्यंत पोचवा. मी सभेला येणार नाही. हात जोडायला मला लाज नाही, आल्यागेल्याला मी हात जोडतो, तुम्ही आलात तेव्हाही जोडले. पण खुर्चीवर बसून पाहिली याबद्दल नाही जोडणार. ज्या खुर्चीवर मी बसलो नाही ती माझ्या दुकानातून जात नाही. साहेबांना हवी असेल तर ही आहे, ही करकरत नाही, त्यांना कुणाला विचारावंही लागणार नाही. नको असेल तर त्यांची मर्जी. कुलूप लावायचं तर लावा. त्या झाडाखाली रंधा चालतो, वडिलांनी तिथेच सुरुवात केली होती.

आणि तोडणार तर मी नाहीच. तुमच्या देखत तोडायची म्हणता ना — तुम्ही तोडा. ही करवत घ्या. घ्या, घ्या, धार आजच लावलीय. फक्त एक सांगून ठेवतो, खुर्ची कापायची म्हणजे तिच्यावर गुडघा रोवावा लागतो. चांगलं वजन टाकून दाबावं लागतं, नाहीतर ती हलते आणि करवत अडकते. साहेबांच्या खुर्चीवर गुडघा. मनाची तयारी असेल तर करा सुरू, मी बाजूला होतो. — करा की. — मागे का सरकलात? रिकामी खुर्ची आहे ती. तिच्यावर कुणी नाही. तिला कान नाहीत, डोळे नाहीत, मी केलीय, मला माहीत आहे आत काय आहे — लाकूड आहे. — ठेवा ती खाली. पायावर पडेल.

कोण आलं? ये. ये गं चिमणे, आईचा हात सोड, काही होत नाही. तुझे पप्पा आहेत. स्टूल कशाला ओढून आणतेस, ठेव ते आत. ही आहे ना. चालतं, हो. विचारू नकोस, चालतं. पाटावर पाय देऊन चढ — अशी. अगदी मागे सरक, पाठ टेकव. पोचत नाहीत ना पाय? नाही पोचले तरी काय, त्यांचेही पोचत नव्हते. हल बघू जरा. आणखी जोरात हल. — ऐकलंत जावईबापू? काही ऐकू आलं? नाही ना. या वेळी नाही म्हणालात ते खरं आहे.

मुली, चिमणी बसू दे तिथेच, तू इथे माझ्याजवळ उभी राहा. रडू नकोस. त्यांना जायचंय.

निघा तुम्ही. सभेला उशीर होईल, सतरंज्या तुम्हालाच टाकायच्या असतात. साहेबांना सांगा, खुर्ची रिकामी नाही. आणि परत यावंसं वाटलं, एकट्याला, तर या — भुसा त्या कोपऱ्यात अजून तसाच आहे, तुम्ही बसला होतात तिथे. मी झाडलेला नाही. आता दार ओढून घ्या. वारा आला की सगळा उडतो.