धनपालअण्णांची बोटीतली केबिन

...आणि वर केबिन घेतलीसा? आता काय बोलायचं पावणं तुमच्यापुढं. सायकल लावा हितं, बसा त्या पाटावर, पंक्चर काढूस्तवर ऐका तरी. बोटीनं गोव्याला चाललाय, जावा की, कोण नगं म्हणतंय, समुद्र बघा, वारं खावा, पर घरची माणसं घिऊन एका केबिनीत झोपायचं म्हंजे काय असतंय ते आमच्या धनपालअण्णांस्नी ईचारा. आता तुम्ही म्हणशीला, हा चमन सायकलवाला, ह्यो कवा बोटीत बसलाय? न्हाई बसलो. पर अण्णांचं गुळाचं दुकान माझ्या दुकानाला भिंत लागून हाय, आणि अण्णांनी ती केबिन मला इतक्या बारीला सांगितलीया की, तुम्हास्नी सांगतो, मी डोळं झाकून तितं हातरुण टाकीन.

अण्णा म्हंजे माणूस कसा, तर कसलीबी अडचण न्या त्येंच्याकडं. लग्नात जेवाण कमी पडलं, गुळाचा ट्रक घाटात अडकला, दोन भाऊ बांधावरनं डोकी फोडाय निघालं... अण्णा डोईची टोपी मागं सारणार आणि म्हणणार, "त्यात काय हाय, माझ्यावर सोडा." आणि निस्तरत्यात बी, खोटं कशाला बोलू. अख्खी शाहूपुरी त्येंच्यावर सोडती आणि निवांत बसती.

घरात माणसं चार. अण्णा, अण्णांची थोरली बहीण अक्काताई, अण्णांचा पोरगा श्रेणिक आणि श्रेणिकची बायकू त्रिशला. अण्णांची मंडळी वारली तवाधरनं घर अक्काताईंच्या हुकमात. आता त्या घरातली झोपायची तऱ्हा ऐका. फुडं दुकान, तितं गुळाच्या ढेपा, ढेपांची राखण म्हणून श्रेणिक तितं, मुंग्यांच्या संगतीला. मधल्या सोप्यात अक्काताई, आणि त्येंच्या कडंला सूनबाई. मागच्या खोलीत अण्णा, दार लावून, कारण अण्णा घोरत्यात, आणि घोरणं असं की हितं माझ्या भिंतीवरची टांगलेली रिम हलती. लग्नाला वरीस हुत आलं, आणि नवरा-बायकू एकमेकाशी बोलत्यात कवा, तर चहाची कपबशी देता-घेता.

अण्णांच्या जिवाला हे लागलं. एक दिवस हितंच, तुम्ही बसलाय त्या पाटावर येऊन बसलं आणि म्हणलं, "चमन, पोरांस्नी जरा भाईर धाडाय पायजे रं. सून कोमेजल्यागत दिसती." मी म्हणलं, धाडा की. तर म्हणलं, "बापानं पोराला हे तोंडानं सांगायचं कसं? आणि दोघंच निघाली तर अक्का काय म्हणंल?" खरं हाय, घराघरात तसंच हाय. मग टोपी मागं गेली. "त्यात काय हाय, माझ्यावर सोड." आणि केलं काय, तर चौघांचीबी तिकिटं काढली. अहो, कोल्हापुरातनं गोव्याला जायचं तर गगनबावड्याचा घाट उतरायचा, कोकण लागतंय, तितनं खाली गेलं की गोवा. न्हाई. बाळासो अडत्या मागल्या साली बोटीनं, केबिनीत बसून गेलता आणि वरीसभर बाजारात तेच सांगत हुता. मग अण्णांनी आधी आगगाडीनं वर मुंबईला जायचं आणि तितनं बोटीनं परत खाली यायचं. घास तोंडात घालायला हात मानंमागनं फिरवायचा, तसली गत.

तर सकाळी बोट सुटली. केबिन बघून अण्णा खूश. खोली केवढी, तर मधी एकजण उभा ऱ्हायला की दुसऱ्यानं भाईर जायचं. ह्या अंगाला खाली एक फळी, तिच्यावर एक फळी. त्या अंगाला तसंच. एक गोल खिडकी, आणि दाराला आतनं पितळंची कडी. अण्णांनी कडी लावून बघितली, काढून बघितली आणि म्हणलं, "चार फळ्या, चार माणसं. झालं की."

अक्काताई उंबऱ्यात उभ्या, हातात पोथीची पेटी. त्येंचा आवाज कसा, तर हळू, पर दगडावर विळा घासल्यागत. "कोण कुठं?"

"अक्का, तू ही खालची. मी तुझ्या वरच्या फळीवर."

"व्हय? धाकट्या भावाचं पाय रातभर माझ्या डोक्यावर?"

बरोबर हाय का न्हाई? थोरल्या माणसाच्या डोक्यावर पाय? आपल्यात चालत न्हाई, त्येंच्यात न्हाई, कुणातच न्हाई. अण्णा म्हणलं, त्यात काय हाय, मी ह्या अंगाच्या खालच्या फळीवर येतो, सूनबाईला वर घालू.

"म्हंजे सून सासऱ्याच्या डोक्यावर."

"मग सून खाली, मी वर."

"आणि समोर सासरा असताना त्या पोरीनं काय रातभर डोईवर पदर धरून बसायचं?"

दुसरा कोण असता तर उठून चालता झाला असता, आणि तेच बरं झालं असतं, पर ते का, ते आत्ता न्हाई सांगत. अण्णांनी ट्रंकेतनं धोतर काढलं, ह्या खुंटीवरनं त्या खुंटीवर बांधलं आणि केला पडदा. "घे. ना सासरा दिसतोय, ना सून. माझ्यावर सोड म्हणलं की सोडायचं, अक्का." अक्काताईंनी पडद्याकडं बघितलं, अण्णांकडं बघितलं आणि पोथीची पेटी फुडं केली. "ही कुठं ठेवायची? पोथी माणसांच्या खाली ठेवत न्हाईत."

म्हंजे वरची एक फळी पोथीची झाली. आता फळ्या तीन आणि माणसं चार. तुम्हास्नी वाटंल आता अण्णा अडकलं. छ्या. अण्णा म्हणलं, "मी खाली भुईवर झोपतो, दोन्ही फळ्यांच्या मधी. मला काय, गुऱ्हाळावर चिपाडात झोपलेला माणूस मी."

"आणि सुनेला उठायचं झालं तर? सासऱ्याला ओलांडून जाऊ दे?"

"तर मी फळीखाली सरकून झोपतो."

आणि सरकून दावलं की. अण्णांचं प्वाट तुम्ही बघितलंय का? बघितलं न्हाई तर बघा, आता दुकानावर बसलेलं असतील. ते प्वाट फळीखाली गेलं आणि तितंच ऱ्हायलं. श्रेणिकनं पाय धरून वडून काढलं बापाला. तरी अण्णा भाईर आल्या आल्या म्हणत्यात काय, "श्वास सोडून झोपलं की बसतंय."

अक्काताई म्हणल्या, "मला आत कोंडल्यागत हुतंय. मी भाईर डेकवर मोकळ्यात पडतो." अण्णांनी धाडकन खिडकी उघडली आणि टोपीनं वारा घालाय लागलं. "आपली केबिन असताना तू उघड्यावर झोपणार? चार माणसं मला काय म्हणतील? बाळासोच्या कानावर गेलं तर?" अक्काताईंनी कपाळाला हात लावला. अण्णांस्नी वाटलं, बोट लागली अक्काला. म्हणून लिंबू कापलं.

आणि ही दोघं कुठं, तर भाईर कठड्याला. केबिनीत जागाच न्हाई, मग करत्यात काय? श्रेणिक हात लांब करून सुनेला पाण्यात काय तरी दावत हुता आणि ती हसत हुती. अण्णांनी दारातनं बघितलं. मला सांगत्यात, "चमन, वरसात पयल्यांदा ती पोरगी दात दिसस्तवर हसली रं." झालं. अण्णांनी मनाशी धरलं, काय वाट्टेल ते हू दे, अक्काची झोपायची सोय लावायची आणि पोरांस्नी गोवा दावायचा.

तोच अक्काताईंनी सांगून टाकलं. "धनपाल, आता शेवटचं. दिवस बुडायच्या आत जमलं तर जमलं, न्हाई तर रत्नागिरीला उतरायचं आणि येष्टीनं घरी. सगळ्यांनी."

अक्काताई बोलल्या म्हंजे दगडावरची रेघ. आता अण्णांचा जीव टांगणीला, पर तोंडावर काय दावतील तर शपथ. दिवस मावळायच्या आत त्येंच्या जैनांत जेवत्यात, तवा दशम्या आणि शेंगाची चटणी, बिनलसणाची, काढली, जेवली सगळी. हात धुतलं आणि अक्काताईंनी ईचारलं, "उत्तर कुठं हाय?"

आता उत्तरंला डोकं करून माणूस झोपवत न्हाईत, मेल्यावरच ठेवत्यात, हे तुम्हास्नी मी सांगाय पायजे असं न्हाई. अण्णांनी खिडकीतनं बघितलं. गोल खिडकीत लालभडक सूर्व्या. म्हंजे ही पश्चिम. म्हंजे बोटीचं तोंड दक्षिणंला, शेपूट उत्तरंला. "त्यात काय हाय, माझ्यावर सोड," म्हणलं आणि सगळ्या उश्या बोटीच्या तोंडाच्या अंगाला लावल्या, वळकट्या सोडल्या, चादरी हातरल्या, कंबरंवर हात ठेवून उभं ऱ्हायलं. जमलं म्हणलं बघा. शंभर टक्के जमलं.

आणि रत्नागिरी आली.

आता बोट ही काय बैलगाडी हाय, कासरा वडला की थांबली? ती बंदरात शिरली, वळली, नांगर टाकला आणि नांगराला धरून घुमाय लागली. खिडकीतला सूर्व्या सरकला, सरकला आणि गेला. आणि दारातनं ऊन आत आलं, थेट अक्काताईंच्या तोंडावर.

"धनपाल, सूर्व्या कुठं गेला?"

अण्णांनी उश्या उचलल्या, ह्या टोकाच्या त्या टोकाला. चादरी फिरवल्या. तवर बोट परत फिरली आणि सूर्व्या खिडकीत. उश्या परत. परत बोट फिरली. तुम्हास्नी सांगतो पावणं, ज्या माणसानं अख्खा बाजार निस्तरला तो माणूस दोन काखंत दोन उश्या धरून केबिनीच्या मधी उभा, आणि बोट कवा थांबती म्हणून खिडकीकडं बघतोय. तरी तोंडानं काय, "थांबल, अक्का. कवा तरी थांबलच की ती."

अक्काताई उठल्या. वरच्या फळीवरची पोथीची पेटी घेतली, आपलं घोंगडं घेतलं आणि निघाल्या. "उतरतो मी." म्होरं त्या, त्येंच्या मागनं उश्या घिऊन अण्णा, आणि अण्णांच्या मागनं ट्रंक उचलून श्रेणिक आणि सूनबाई, तोंडं उतरलेली. त्या पोरीच्या डोळ्याला पाणी आलतं. उतरायला होड्या लागल्यात, माणसं वरडाय लागल्यात, आणि अण्णा म्हणत्यात, "अक्का, अगं, एक डाव बघू, तिरकं हातरू..."

डेकवर माणसं जिकडं तिकडं पथाऱ्या टाकून बसलेली. अक्काताई चालता चालता थांबल्या, एक मोकळी जागा बघितली, घोंगडं हातरलं आणि बसल्या की त्येच्यावर. पेटी उशाला. आणि श्रेणिककडं बघून म्हणल्या, "तुम्ही कुठं निघालाय रं? निम्मं सामान केबिनीत हाय, चोरी व्हईल. जावा, दोघंबी जावा. आणि कडी लावा आतनं."

श्रेणिक बापाकडं बघाय लागला. सूनबाई भुईकडं. आणि बघता बघता दोघं ट्रंक घिऊन माघारी गेली बी, जराबी पळाली न्हाईत, पर चालली असंबी म्हणता येत न्हाई. अण्णा तिथंच उभं. "अगं पर अक्का, उत्तर? आणि उतरायचं हुतं न्हवं?"

"बस खाली." अण्णा बसलं. अक्काताईंचा आवाज आणखी हळू झाला. "सकाळधरनं तुला सांगतोय, वर झोपू नको, खाली झोपू नको, भुईवर झोपू नको. पोरांच्या देखत ह्यापरीस उघड कसं सांगायचं रं? केबिनीतनं तू उठावंस म्हणून आख्खा दिवस घालवला मी, आणि तू आपला धोतरं बांधतोस."

अण्णांनी काखंतल्या उश्या खाली ठेवल्या. म्हणलं, "मीबी त्येंच्यासाठीच तर आणलं हुतं, अक्का."

"म्हायती हाय. येडं न्हाई मी." आणि मग जे बोलल्या न्हवं पावणं, ते सांगताना अण्णा अजून टोपी काढून डोकं खाजवत्यात. म्हणल्या, "घरात दाराची खोली एकच. तिच्यात तू घोरत पडतोस. आणि पोरांस्नी दार दावायला गोव्याला घिऊन आलास."

अण्णा आडवं झालं. बोट घुमली तसं डोकं बरोबर उत्तरंला आलं. उठाय लागलं, तर अक्काताई म्हणल्या, "झोप. बोट हाय ती."

ही घ्या तुमची सायकल, हवा भरलीया. नंतर काय व्हायचं? गोवा बघून आली सगळी. आल्या दिवशीच मागच्या खोलीतली अण्णांची बाज निघाली आणि फुडं दुकानात आली, गुळाच्या ढेपांच्या मधी. आता श्रेणिकचं तोंड बघा, सूनबाईचं बघा, आणि सकाळी सकाळी अण्णांचं बघा. मुंग्यांनी फोडून काढलेलं असतंय. परवा वैतागून मधल्या सोप्यात गेलं आणि म्हणलं, "अक्का, ह्या मुंग्यांचं काय तरी कर गं, पाठ सोलली माझी."

अक्काताईंनी माळ खाली ठेवली न्हाई. म्हणल्या, "त्यात काय हाय, माझ्यावर सोड," आणि डोळं मिटलं.